आईला न सांगितलेला पत्ता

"कुठल्या तुम्ही?" दुभाषी गृहस्थांनी मराठीत विचारलं.

"कोल्हापूरकडची."

"म्हणजे खास कोल्हापूर, की आसपास?"

"आसपास."

"माझे साडू इचलकरंजीला होते बरीच वर्षं. बँकेत. चौगुले म्हणजे तुम्ही ते यंत्रमागवाले..." एवढं बोलून ते थांबले. हातातला चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला. "माफ करा. सवय हो. हे मी विचारायला नको होतं. तुमची भाषा मला कळते आणि माझी तुम्हाला, एवढंच बघायचं असतं."

"कळते," मी म्हणाले.

त्यांचं नाव देशकर. साठीचे, राखाडी स्वेटर घातलेले, मूळचे नागपूरचे. त्यांनी गुप्ततेची शपथ घेतलेली होती आणि माणूस भला दिसत होता. तरी मी खुर्ची जरा मागे घेतली. मी टोरांटोतल्या एका सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर येऊन बसले होते, आणि इथे भेटलेला पहिला मराठी माणूस दोन प्रश्नांत माझ्या घराच्या दारापर्यंत पोचला होता.

त्याला आता बारा वर्षं झाली. आई गेल्यापासून ती सकाळ मला वाक्यावाक्याने आठवते.

त्या सकाळी माझ्या आश्रयाच्या अर्जाची सुनावणी होती. मी बाईवर प्रेम करणारी बाई आहे आणि त्यामुळे घरच्या माणसांपासून माझ्या जिवाला धोका आहे, असं मी अर्जात लिहिलं होतं. ते खरं होतं. पण ते एका अनोळखी माणसाला पटायला हवं होतं. नाही पटलं तर मला परत पाठवणार होते. परत म्हणजे मुंबईचा विमानतळ, आणि तिथून पुढे माझा भाऊ, भरतदादा.

सुनावणीच्या खोलीला खिडकी नव्हती. समोर निर्वासित मंडळाचे, निकाल देणारे सदस्य बसले होते, हॅलोरन नावाचे. टेबलाच्या या बाजूला माझी वकील रूथ आणि मी, टोकाला देशकर. मधोमध एक काळा फोन होता, पालथ्या कासवासारखा. थोड्या वेळाने त्यातून आई बोलणार होती. हॅलोरन यांचा आवाज मऊ होता. मऊ आवाजाच्या माणसांची मला जास्त भीती वाटते. माझे वडीलही कधी आवाज चढवत नसत.

"पुण्यापासून सुरुवात करू," ते म्हणाले.

पुण्यात अनुप्रिता आणि मी दोन वर्षं एकत्र राहिलो. घरच्यांच्या लेखी आम्ही खोली वाटून घेतलेल्या मैत्रिणी होतो, म्हणून पत्ता सगळ्यांना ठाऊक होता. एक दिवस भरतदादा न कळवता आला. त्याने काय पाहिलं ते मी त्या खोलीत इंग्रजीत सांगितलं. मराठीत सांगायचं धाडस झालं नाही. देशकर मान खाली घालून बसले होते.

"त्यानंतर?"

"त्यानंतर त्याने मला घरी नेलं. मागांच्या शेडवर एक खोली आहे, सुताच्या बाचक्यांची. तिथे ठेवलं. दिवाळीपासून होळीपर्यंत."

"दार बंद असायचं?"

"बाहेरून कडी असायची."

"तुम्ही मदत मागितलेली कुणाला ऐकू आली नाही?"

"खाली माग चालू असायचे. ओरडले तर माझं मलाच ऐकू येत नसे."

"आणि तुम्ही बाहेर कशा आलात?"

"आईने कडी काढली. वडील आणि भाऊ स्थळ बघायला सांगलीला गेले होते. माझ्यासाठी स्थळ. तिने माझ्या हातात भाजीची पिशवी दिली आणि म्हणाली, बाजारात जाऊन ये. पिशवीत माझे कपडे होते आणि पासपोर्ट होता."

हॅलोरन यांनी काहीतरी लिहिलं. पेन खाली ठेवलं.

"मग तुम्ही बेंगळूरला गेलात. अनुप्रिता तिथे आली. तिथला पत्ता तुम्ही कुणाकुणाला दिला होता?"

"कुणालाच नाही."

"आईला?"

"नाही. आठवड्यातून एकदा मावशीच्या नंबरवर फोन करायचे. पत्ता दिला नव्हता."

"नोकरीच्या ठिकाणचा?"

"नाही."

"तरी तुमचा भाऊ दोन माणसं घेऊन थेट तुमच्या दारात आला. अनुप्रिताचा हात मोडला. खालच्या हॉटेलवाल्यांनी सोडवलं नसतं तर तुम्हाला गाडीत घातलं असतं, असं तुम्ही लिहिलंय. पोलिसांनी तुमच्यावरच केस करू म्हणून दम दिला. हे सगळं मी वाचलंय. मला एवढंच सांगा, एक कोटी वस्तीच्या शहरात त्याला तुमचं घर कसं सापडलं?"

"मला माहीत नाही."

"अंदाज?"

"माहीत नाही."

"याचं कारण असं," ते शांतपणे म्हणाले, "की उद्या तुम्ही कोलकात्याला गेलात, किंवा गुवाहाटीला, तर तिथे ते तुम्हाला कसे शोधतील हे मला समजून घ्यायचंय. ते पोलीस नाहीत, मंत्री नाहीत. एका लहान गावात त्यांचा कारखाना आहे. तुमचा देश मोठा आहे. मोठ्या देशात माणसाला लपायला जागा असते."

रूथने दहा मिनिटांची सुट्टी मागितली.

कॉरिडॉरमध्ये ती माझ्यासमोर उभी राहिली. उंच, हाडकुळी बाई, केस कायम विस्कटलेले. गेलं वर्षभर तिने माझ्याकडून हीच हकीकत दहादा ऐकली होती.

"तुला माहीत आहे," ती म्हणाली.

"नाही."

"पद्मजा, मी हे काम वीस वर्षं करतेय. तू बाकी सगळ्या प्रश्नांना वेळ घेऊन उत्तर देतेस. या एकाच प्रश्नाला लगेच 'माहीत नाही' म्हणतेस."

मी पाण्याच्या यंत्राकडे बघत राहिले.

"या एका भोकातून आपला अर्ज बुडणार आहे. पुण्याचं त्यांना पटलंय. अनुप्रिताचंही पटेल, तुझ्या आईने नीट सांगितलं तर. पण तू दुसऱ्या शहरात सुरक्षित राहू शकतेस असं त्यांना वाटलं, तर बाकी सगळं पटूनही ते नाही म्हणतील. नियमच आहे तो."

"आईला नको बोलावू या."

"मग कुणाला? अनुप्रिताला?"

अनुप्रिताला तिच्या आईवडिलांनी नाशिकला नेलं होतं. हात प्लास्टरमध्ये असतानाच साखरपुडा झाला, एवढं कळलं. नंतर तिचा नंबर लागेनासा झाला. आम्ही दोघी कोण होतो हे पाहिलेलं आणि सांगू शकणारं माणूस आता जगात एकच होतं.

"ती फक्त आमच्या दोघींबद्दल सांगेल," मी म्हणाले. "बाकी काही विचारू नकोस."

"मी नाही विचारणार. पण ते विचारू शकतात."

फोन लावला तेव्हा तिकडे दिवेलागण झाली होती. आई जयसिंगपूरला मावशीकडे होती. शेवया करायला जाते, असं घरी सांगून आली होती. रिंग एकदाच वाजली.

"हॅलो? पद्मा?"

साक्ष संपेपर्यंत मी तोंड उघडायचं नाही, असं मला बजावलेलं होतं. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

"पद्मा हाय न्हवं तिथं?"

"त्या इथेच आहेत," देशकर म्हणाले. "पण तुमचं बोलणं होईपर्यंत त्यांना बोलता येणार नाही."

"बसलीया ना?"

"बसल्या आहेत."

"मग असू दे."

खरं सांगेन असं तिच्याकडून वदवून घेतलं. "खरंच सांगायला आलीया की," ती म्हणाली. मग हॅलोरन यांनी विचारलं, खोलीत तुम्ही एकट्याच आहात ना?

"मी एकटीच हाय. बहीण दाराशी बसलीया."

"साक्षीच्या वेळी जवळ कुणी नको."

"अवो, कुणी येऊ नये म्हणूनच बसवलीया तिला. आणि तिचंच घर हाय सायेब, तिला कुठं घालवू?"

लांबून मावशीचा आवाज आला, "मी काय बी ऐकत न्हाई म्हणावं." देशकरांनी तेही इमानाने इंग्रजीत सांगितलं. हॅलोरन किंचित हसले आणि म्हणाले, ठीक आहे. मलाही हसू आलं असतं. आईचा आवाज ऐकून मला दीड वर्ष झालं होतं. बेंगळूरनंतर तिचा फोन दादाकडे असायचा आणि मावशीचा मी भीतीने लावत नसे; साक्षीचं सगळं रूथच्या ऑफिसनेच ठरवलं होतं.

रूथने सुरुवात केली. "तुमची मुलगी समलिंगी आहे, हे तुम्हाला कधी कळलं?"

देशकरांनी भाषांतर केलं.

"त्यो शब्द मला ठाऊक न्हाई. अनुशिवाय तिला करमत न्हाई, एवढं मला ठाऊक हाय."

"त्या दोघी फक्त मैत्रिणी नव्हत्या, असं तुम्हाला कशावरून वाटलं?"

"मैत्रिणीचं लग्न ठरलं की पोरी नाचतात, बाई. अनुला बघायला पुण्याला पाव्हणे आले, तवा ही आमच्याकडं आली हुती सुट्टीला. ताटावर बसायची आणि भात चिवडून उठायची. मी म्हटलं, स्थळ मोडलं म्हणून फोन आलाय. तर रडायलाच लागली. आणि मग दोन ताटं जेवली."

देशकर भाषांतर करताना 'मी' म्हणत होते. दुभाष्याने तसंच बोलायचं असतं, साक्षीदाराच्या तोंडून. राखाडी स्वेटरमधला तो माणूस इंग्रजीत सांगत होता, "मी त्या दिवशी कुणाला काही बोलले नाही. पण रात्रभर मला कळत होतं."

"तुम्हाला ते चुकीचं वाटलं का?"

"वाटलं. लई वाटलं. पण कडी लावून पोरीला कोंडणं त्याच्यापेक्षा चुकीचं वाटलं. मग मी काढली कडी."

रूथने माझ्याकडे पाहिलं आणि 'एवढंच' म्हणून कागद बंद केले. मी मांडीखालचे हात काढले.

"मला एक-दोन गोष्टी विचारायच्या आहेत," हॅलोरन म्हणाले. "मुलगी बेंगळूरला असताना ती कुठे राहते हे तुम्हाला माहीत होतं का?"

मी हात परत मांडीखाली घेतले.

"तिनं न्हाई सांगितलं," आई म्हणाली. "घट्ट पोरगी हाय ती."

"म्हणजे माहीत नव्हतं."

"तसं न्हाई. तिनं न्हाई सांगितलं. मी काढलं."

देशकरांनी भाषांतर केलं तेव्हा हॅलोरन यांनी मान वर केली.

"कसं?"

आणि आई खुलली. ते मला फोनमधूनही दिसलं. आयुष्यात तिला कुणी, तू हे कसं केलंस, असं विचारलं नव्हतं. कोट घातलेला परदेशी साहेब विचारत होता.

"त्यात काय अवघड हाय? दर फोनला एकच गोष्ट विचारायची. एकदम इचारलं तर तिला संशय यायचा. एकदा इचारलं, बसनं जातीस का चालत? बसचा नंबर सांगितला. पुढल्या बारीला इचारलं, खाली दुकान-बिकान हाय का, का एकटं घर? म्हणाली, खाली उडप्याचं हॉटेल हाय, सकाळी सांबाराचा वास येतो. मग एकदा फोनवर शाळेची घंटा ऐकू आली. मी म्हटलं, पोरांचा दंगा असंल गं लई? म्हणाली, समोरच शाळा, मुलींची. झालं की मग. नंबर हाय, हॉटेल हाय, शाळा हाय. माणूस का चुकतोय?"

"आणि हे शोधून तुम्ही काय केलंत?"

"डिंकाचे लाडू पाठवले."

देशकर अडले. 'झाडाच्या डिंकाचे गोड गोळे' असं काहीतरी त्यांनी इंग्रजीत सांगितलं. हॅलोरन यांनी परत विचारलं, देशकरांनी परत सांगितलं, आणि पलीकडून आई म्हणाली, "थंडीत कंबर धरती तिची. लहानपणापासनं. त्यांना सांगा."

त्यांनी सांगितलं.

"टपालाने पाठवलेत?"

"टपालानं कशाला? माणसाबरोबर. आपल्याकडं कोण ना कोण जात असतं की. सूतवाले मगदूम हायत, त्यांचा अजित महिन्याला जातो बेंगळूरला. त्याला म्हटलं, बाबा, एवढा डबा पोचव. चांगला पोरगा. इचारत इचारत गेला आणि दारात नेऊन दिला."

रूथ पुढे वाकली. मी डोळे मिटले. मला पुढचा प्रश्न ठाऊक होता आणि तो अडवायला माझ्याजवळ काहीही नव्हतं.

"हा अजित," हॅलोरन म्हणाले, "तुमच्या मुलाला ओळखतो का?"

"भरतला? आता काय सांगायचं. रोज संध्याकाळी त्यांच्याच पेढीवर बसलेला असतोय आमचा भरत, चहा पीत..."

आई थांबली.

फोनमधून बारीक खरखर येत होती. जयसिंगपूरच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. देशकरांनी अर्ध्या वाक्याचं भाषांतर केलं आणि तेही थांबले.

मला जे ठाऊक होतं ते हे. डबा आला त्या दिवशी दारात अनोळखी मुलगा उभा होता आणि म्हणत होता, काकूंनी पाठवलंय. मी त्याला घरात घेतलं नाही. दार लावलं, आणि जमिनीवर बसून लाडू खाल्ला. अनु म्हणाली, आता घर बदलू या. मी म्हणाले, महिना संपू दे. पुढच्या आठवड्यात दादा आला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फळीवर स्टीलचा डबा होता, आईच्या लग्नातला, झाकणावर तिचं नाव कोरलेला. त्याने तो उचलला, नाव वाचलं आणि म्हणाला, "आईचा डबा पोचला म्हणायचा." मग डबा परत जागेवर ठेवला, आणि अनुकडे वळला.

हे मी पोलिसांना सांगितलं नाही, रूथला सांगितलं नाही. कारण रूथ ते लिहिणार, कागदावर येणार, आणि कधीतरी कुणीतरी आईला विचारणार. तिने मला एकदा बाहेर काढलं होतं. तिच्याच हाताने मी परत सापडले, हे तिला कळता कामा नये, एवढं एकच मी ठरवलं होतं. त्यासाठी अर्ज बुडाला असता तर बुडाला असता, असं मला वाटत असे. त्या बंद खोलीत बसून मात्र तसं वाटत नव्हतं. मला ते दोन्ही हवं होतं. राहायलाही हवं होतं, आणि आईने गप्प बसायलाही.

"बाई?" देशकर म्हणाले. "ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"आपण थोडा वेळ थांबू शकतो," हॅलोरन म्हणाले.

"थांबायचं न्हाई." तिचा आवाज बदलला होता. मघाचा मोकळेपणा गेला होता. भाकरी थापताना, पाठमोरी, कुणाकडे न बघता ती जशी बोलत असे तशी ती बोलत होती. "म्हणजे घर मीच दाखवलं."

देशकरांनी चष्मा काढला. "म्हणजे," ते इंग्रजीत म्हणाले, "घर मीच दाखवलं."

"तुम्हाला ते माहीत नव्हतं," हॅलोरन म्हणाले.

"न्हाई. मला आत्ता कळालं. तुम्ही इचारलं म्हणून." ती जरा थांबली. "पद्माला ठाऊक असणार. तिनं न्हाई सांगितलं मला. तुम्हाला बी सांगितलं नसंल."

रूथने टेबलाखाली माझं मनगट धरलं.

"मला एकच विचारायचं राहिलं आहे," हॅलोरन म्हणाले. "तुमची मुलगी परत आली आणि दुसऱ्या एखाद्या लांबच्या शहरात राहिली, कुणालाही न कळवता, तर तिथे ती सुरक्षित राहील असं तुम्हाला वाटतं का? आता तुम्हाला हे कळलं आहे. आता तुम्ही असं करणार नाही."

पुन्हा ट्रॅक्टर, किंवा दुसरा ट्रॅक्टर. मी फोनकडे बघत होते. नाही करणार, एवढं ती म्हणाली असती तर ते स्वाभाविक होतं. कुठलीही आई तेच म्हणाली असती. आणि मग माझा देश पुन्हा मोठा झाला असता आणि त्यात मला लपायला जागा झाली असती.

"करीन," आई म्हणाली.

"काय?"

"मी करीन, सायेब. आज म्हणीन न्हाई. पण थंडी पडली की मला राहवायचं न्हाई. ती त्या मुलखात कुठं बी असली तरी मी इचारत इचारत काढीन. माझं मलाच कळायचं न्हाई. आमच्यात कुणी ना कुणी कुठं ना कुठं जातच असतं. मी डबा देईन, आणि डब्यामागनं भरत जाईल." तिने श्वास घेतला तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "मी हाय तोवर तिकडं तिला जागा न्हाई. तेवढं लिहा."

देशकरांना ते इंग्रजीत सांगायला वेळ लागला. सांगताना त्यांचा आवाज चिरकला आणि त्यांनी माफी मागितली. हॅलोरन यांनी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला, आणि मग लिहीत बसले.

निकाल त्यांनी त्याच दुपारी तोंडी दिला. बरंचसं कायद्याच्या भाषेत होतं. एवढं मला कळलं की भारतात मला सुरक्षित राहता येईल अशी जागा त्यांना दिसत नव्हती. रूथने मला मिठी मारली. देशकर लिफ्टपाशी उभे होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "तुम्ही कुठल्या, ते मी विसरलो," आणि लिफ्टमध्ये शिरले.

मी जिन्यात जाऊन मावशीला फोन लावला. आईच बोलली. ती जागीच होती.

"मंजूर झालं, आई."

"झालं? बरं झालं. जेवलीस?"

"नाही अजून."

"जेव." मग म्हणाली, "तुला ठाऊक हुतं."

"काय?"

"डब्याचं."

"नाही."

"खोटं बोलू नको. शपथ माझी झाली, तुझी न्हाई झाली व्हय?" ती रागावली नव्हती. "आता एक ऐक. तू जिथं राहशील ते मला सांगायचं न्हाई. मी इचारलं तरी न्हाई. गोड बोलून काढायला लागले तरी न्हाई."

"आई, इतक्या लांब कोण येतंय?"

"मगदुमाचा थोरला दुबईला असतो. आज दुबई, उद्या तिकडं. मला सांगायचं न्हाई म्हणजे न्हाई."

मला वाटलं, वर्षभरात विसरेल. तिने ते शेवटपर्यंत पाळलं. दर रविवारी मावशीच्या घरून फोन यायचा. जेवलीस का, थंडी किती, कंबर कशी आहे, एवढंच. मी बोलता बोलता म्हणाले की आमच्या समोरच्या बागेत, तर ती मध्येच म्हणायची, "नको," आणि पावसाचं काहीतरी काढायची. मारिया माझ्या आयुष्यात आली तेव्हा मी तिचं नाव सांगायला गेले. "नाव नको. बरी हाय ना?" म्हणाली. पुढे दर रविवारी विचारायची, "ती बरी हाय ना?" इथल्या ओळखीच्या बायकांकडे कुणाकुणाबरोबर चटण्या यायच्या, भडंग यायचं. माझ्याकडे कधी काही आलं नाही. थंडी पडली की तिचे फोन दोन-तीन आठवडे तुटक व्हायचे. मला त्याचं कारण कळत असे. तिलाही ते मला कळतं हे माहीत असावं.

मी परत गेले नाही. आधी कागदांमुळे जाता येत नव्हतं, नंतर इथला पासपोर्ट आला तेव्हा तीच नको म्हणाली.

या फेब्रुवारीत मावशीचा फोन आला, रविवार नसताना. आई मिरजेला दवाखान्यात होती. भरतदादा औषधं आणायला खाली गेला होता. "ती म्हणतीया, आत्ताच लाव," मावशी म्हणाली आणि फोन तिच्या कानाशी धरला.

"पद्मा."

"बोल, आई."

"आता सांग."

"काय सांगू?"

"कुठं राहतीस."

मी स्वयंपाकघरात उभी होते. मला कळायला थोडा वेळ लागला. तिला आता कुणालाच काही सांगायला वेळ उरणार नव्हता, म्हणून ती विचारत होती.

मी सांगितलं. विमानतळावरून बस, मग भुयारी गाडी. स्टेशनातून बाहेर आलं की डाव्या हाताला पोर्तुगीज माणसाचं पावाचं दुकान.

"मग?"

"मग सरळ. तिसऱ्या गल्लीच्या कोपऱ्यावर शाळा आहे."

"हितं बी शाळा?"

"हो."

"घंटा ऐकू येती?"

"येते."

ती हसल्यासारखी झाली आणि खोकली. मावशीने फोन धरलेला हात बदलला असावा. मध्ये काही ऐकू आलं नाही.

"घर कसलं?"

"लाल विटांचं. दार निळं. आम्ही वरच्या मजल्यावर. जिना बाजूने आहे, लोखंडी. बर्फात निसरडा होतो. कठडा धरून यावं लागतं."

"धरला," आई म्हणाली.

मी थांबले. मारिया दारात येऊन उभी होती आणि काही न कळून माझ्याकडे बघत होती.

"वर आलीस की समोरच आमचं दार," मी म्हणाले.

"कडी हाय दाराला?"

"आहे."

"आतनं का बाहेरनं?"

"आतून, आई."

"मग झालं," ती म्हणाली.